दोर ठाऊक असलेला माणूस

मी मूळची पालघरजवळच्या माहीमची. आमची नागवेलीची आणि केळीची वाडी. समुद्राची गाज अंथरुणात ऐकू यायची, पण आम्हा वाडीवाल्यांचा पाण्याशी संबंध रहाटापुरता. वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मी होडीत पाय ठेवला नव्हता. मग १९६३ च्या जूनमध्ये मुरब्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली आणि रोज खाडी ओलांडायची वेळ आली. शिरगावला मंदाआत्याकडे राहायचं, सकाळी चालत सातपाटी गाठायची आणि तिथून तरीच्या होडीने पलीकडे मुरब्याला. ती होडी धर्माजी मेहेरांची.

पहिल्या दिवशी मी दोन्ही हातांनी होडीचा काठ आवळून, डोळे घट्ट मिटून बसले होते. मागून आवाज आला, "बाय, डोले उघडा. डोले मिटून बसलां का पानी जास्त वाटते."

मी डोळे उघडले. खरंच, पाणी तेवढं नव्हतं.

धर्माजीकाका तेव्हा पंचावन्नच्या आसपासचे असतील. बुटकी, काटक अंगलट, कमरेला रुमाल, अंगात विटकी बंडी. त्यांची बोटं पूर्ण उघडत नसत. रिकाम्या हातातही काहीतरी धरलंय अशीच मुठीच्या बेताने वळलेली असत. पुढे कळलं, की बाराव्या वर्षापासून तीस वर्षं ते मालाच्या गलबतांवर खलाशी होते. मलबारहून कौलं, नारळ घेऊन मुंबई, वेरावळ असं ते फिरले होते. गलबतं कमी झाली तसे ते गावी येऊन तरीवर बसले. पावसाळ्यात वल्ही आणि एरवी एक ठिगळ लावलेलं शीड, एवढ्यावर त्यांची होडी चाले. सकाळच्या खेपेला कोळणींच्या पाट्या, शाळेची दोन-चार मुलं, एखादा तलाठी आणि मी.

त्या काळी मी इंग्रजी शिकवायचे म्हणजे काय, तर मला जसं शिकवलं गेलं तसंच शिकवायचे. वाक्प्रचारांची एक वही होती. डाव्या बाजूला इंग्रजी, उजव्या बाजूला मराठी अर्थ. फळ्यावर लिहायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं, शुक्रवारी पाठ म्हणून दाखवायचं. १९६४ च्या डिसेंबरात असाच एक वाक्प्रचार फळ्यावर लिहिला. 'टू नो द रोप्स', म्हणजे एखाद्या कामाची खडान्‌खडा माहिती असणे.

नववीतली आनंदी उठून उभी राहिली. मच्छीमाराची मुलगी, बोलायला फटकळ. म्हणाली, "बाई, रोप म्हंजे दोर ना?"

"हो."

"मग कुठला दोर? विहिरीचा का गुरांचा? दोर ठावं असला तर काम कसा येल?"

वर्ग हसला. मी म्हटलं, "परीक्षेत तुला दोर कुठला ते विचारणार नाहीत. अर्थ पाठ कर आणि खाली बस."

ती खाली बसली. पण मधल्या सुट्टीपासून संध्याकाळपर्यंत माझं ते वाक्य माझ्याच कानात बोचत राहिलं. लहानपणी मीही असंच काही विचारलं, की मास्तर असंच म्हणायचे, आणि मला त्यांचा राग यायचा.

परतीच्या खेपेला काकांनी विचारलं, "बाय, शालंत काय झाला? आज होडीत चढताना बोललां पन नाय."

मी सांगितलं. "इंग्रजीत बोलायची एक रीत आहे, काका. एखाद्याला काम चांगलं येत असेल तर त्याला दोर ठाऊक आहेत असं म्हणतात. एका मुलीने विचारलं, कुठले दोर. मला सांगता आलं नाही."

पाणी ओलं का असतं असं विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठले म्हंजे? शिडाचे."

"तुम्हांला कसं ठाऊक?"

"दुसरे कुठले असतील? गोऱ्या लोकांचीपन गलबतं व्हती ना?"

बी. ए.ला चार वर्षं इंग्रजी शिकले होते, पण हे मला सुचलं नव्हतं.

"इकडं या," ते म्हणाले. मला डोलकाठीजवळ बसवलं. "ही तर लहान होडी. हिला पाच दोर. मोठ्या गलबतावर मोजताना जीव दमंल एवढे. आता डोले मिटा आनि मी सांगन तो दोर धरा. शीड चढवायचा कुठला?"

मी चाचपडत एक धरला आणि धरला तो धरला, वर ओढलाही. कुठेतरी गाठ सुटली. फडफडत शीड खाली आलं ते थेट मधे बसलेल्या कोळणींच्या डोक्यावर. रिकाम्या पाट्या गडगडल्या. शिडाखालून मंजुळा नावाच्या कोळणीचा आवाज आला, "अगो मास्तरीणबाय, आमची गठुडी बांधतां का काय?"

सगळी होडी हसत सुटली. काका हसले नाहीत. शांतपणे शीड पुन्हा चढवत म्हणाले, "हसू नका गो. पयल्या दिशी समदेच चुकतात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दिसते तेव्हा कोनीपन दोर वलखंल. वावटलीत खारा पानी डोल्यांत गेला का कायपन दिसत नाय. तवा हाताला ठावं पायजे. ज्याच्या हाताला ठावं, तो खलाशी. बाकीचे उतारू."

त्या आठवड्यात मी मुंबईच्या माझ्या प्राध्यापकांना पत्र टाकलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं, की हा वाक्प्रचार शिडांच्या जहाजांवरून आला असावा असंच बहुतेक जाणकार मानतात. जुन्या जहाजावर शेकडो दोर असत, प्रत्येकाचं नाव निराळं, काम निराळं. नवा माणूस आला की आधी त्याला दोर शिकावे लागत. ते येईपर्यंत त्याची गणती खलाशांत होत नसे. काही जण मात्र म्हणतात, की हा नाटकमंडळीतला शब्द. पडदे आणि देखावे वर-खाली करायला दोर लागत आणि त्या कामाला पुष्कळदा जुने खलाशीच ठेवत. तेव्हा नाटकातून आला म्हटलं तरी मूळ पुन्हा जहाजावरच जातं. नक्की कोणी सांगू शकत नाही, असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं.

मी ते पत्र वर्गात वाचून दाखवलं आणि आनंदीची सर्वांसमोर माफी मागितली. ती लाजली, पण लगेच म्हणाली, "म्हंजे बाई, ही इंग्रजी आमच्या बाबाला येते."

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी अख्खा वर्ग बंदरावर नेला. धर्माजीकाकांनी एकेका मुलाला डोळे मिटायला लावून दोर धरायला दिले. वाडीतली, शेतावरची मुलं चुकत होती आणि एरवी मागच्या बाकावर तोंड लपवून बसणारी मच्छीमारांची पोरं पुढे येऊन त्यांना शिकवत होती. हेडमास्तर म्हणाले, "पुष्पलताबाई, हे अभ्यासक्रमात कुठे आहे?" मी म्हटलं, "नाही, सर." त्यांनी विषय तिथेच सोडला. त्यांचंही बालपण सातपाटीत गेलं होतं.

त्यानंतर माझी सवयच झाली. इंग्रजीत समुद्रावरचा काही शब्दप्रयोग आला, की मी तो होडीत न्यायचे. काकांना बहुतेकांचा उलगडा व्हायचा. कधी नाही झाला तर सरळ सांगायचे, "हे आमच्यात नाय." सकाळचा तो वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास, शिडात भरलेला वारा, सुकत घातलेल्या बोंबलांचा किनाऱ्यावरून येणारा वास आणि मागे सुकाणूशी बसलेला तो माणूस. माझ्या नोकरीच्या छत्तीस वर्षांत मी एवढी मन लावून कुठल्याच वर्गात बसले नाही.

पासष्ट साल संपता संपता खाडीवर इंजिनाची लाँच आली. सात मिनिटांत पैलतीर. कोळणींना बाजार गाठायची घाई, त्यांना दोष कोण देणार? मंजुळा एकदा काकांना म्हणाली, "धर्माभाऊ, रागावू नको. तुझ्या होडीत मासली ताजी चढते नि शिली उतरते." काका म्हणाले, "जा गो. तुझा धंदा बुडवून मी काय करू?" महिनाभरात होडीत मी आणि एखाददुसरी म्हातारी एवढेच उरलो. लाँचमधून मीही एक-दोनदा गेले. तिच्या धडधडाटात शेजारच्याशीही बोलता येत नसे, आणि वर्गात शिरले तरी पदराला डिझेलचा वास यायचा.

एके दिवशी दुपारच्या खेपेला मी एकटीच होते. वारा पडला होता. शीड लोंबत होतं आणि काकांना वल्ही मारायची घाई नव्हती. मी सहज म्हटलं, "काका, त्या दोरांचंच आणखी एक आहे. नवख्या माणसाला काम शिकवण्याला इंग्रजीत 'दोर दाखवणं' म्हणतात."

त्यांनी वल्हं पाण्याबाहेर उचलून धरलं. मग म्हणाले, "तुमी सुकाला पायलाय?"

सुकाला मी पाहिलं होतं. मुरब्याच्या बंदराशी माडाखाली जाळी विणत बसणारा, एक पाय गुडघ्यापासून वाकडा झालेला, सदा हसतमुख माणूस.

"सुका सतरा वरसांचा व्हता, मी बावीसचा. आमच्याच आलीतला. त्याच्या आयशीनं माझ्या हातात दिला, म्हनाली, याला शिकव. गलबताच्या तांडेलानंपन मनाच सांगितला, धर्मा, या पोराला दोर दाखव." काका वल्ह्यावरून पाणी निथळताना बघत राहिले. "पन मी नाय दाखवले. म्हंजे दोन-चार दाखवले, बाकीचे ठेवले. मना मजा वाटं. तो चुकला का समदे हसत, आनि धर्माला बोलव म्हनत. मनाच समदा येते, यात मना सुख व्हता."

"मग?"

"वेरावलवरून परत येत व्हतो. भर दुपारी वावटल आली. तांडेल वरडला, दामण सोड! दामण म्हंजे शिडाचा खालचा कोपरा धरते तो दोर. तो सोडला का शिडातला वारा निघून जाते नि गलबत वाचते. सुका दोरांपाशी उभा व्हता. त्याला दामण कुठला तेच ठावं नव्हता. त्यानं हाताला आला तो सोडला. तो निघाला शिडाच्या आडव्या वाशाचा. समदा वासा खाली आला, त्याच्या पायावर."

मला माडाखालचा तो वाकडा पाय आठवला.

"त्यो मना आजपरत एक वाकडा सबूद बोलला नाय. त्याच्या आयशीलापन सांगितला नाय. सांगितला, मीच चुकलो." काकांनी वल्हं पुन्हा पाण्यात घातलं. "म्हनून कोनी दोर इचारला का मी सांगतो. तुमी वाडीवाल्या, तुमाला कशाला लागते? तरी सांगितला."

तेव्हा मला कळलं, की माझ्या हातून शीड कोसळल्यावर सगळी होडी हसली तरी ते का हसले नाहीत.

याच सुमारास तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं. बोईसर स्टेशनात उतरलं की हिंदी कानावर पडे. खडीचे ट्रक, परप्रांतातले मजूर, जीपमधून जाणारे अमेरिकन साहेब. कुठूनतरी बातमी आली, की एका ठेकेदाराला खलाशी हवेत. जड यंत्रं दोर-कप्प्यांनी उचलायच्या कामालाही खलाशीच म्हणतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

काकांना ही बातमी सुकानेच सांगितली. मी तिथेच उभी होते. जाळ्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "धर्मा, तू जा."

"मी? या वयात? माझी होडी हाय."

"होडीत कोन बसते? मास्तरीणबाय नि तू. तिथं गावोगावची पोरं घेतात. त्यांना दोरातला कायपन ठावं नाय. कोनीतरी दाखवायला पायजे." मग सुकाने मान वर केली आणि काकांकडे पाहिलं. "तू दाखव."

एवढंच. काका तिथून उठून पाण्यापर्यंत गेले. परत आले ते माझ्यापाशी. "बाय, तिथला साहेब इंग्रजी बोलते म्हनतात. तुमी येशाल माझ्यासंगती?"

मंदाआत्याला हे मुळीच पसंत नव्हतं. "शिकलेली मुलगी तू, त्या ट्रकच्या गर्दीत कशाला?" म्हणून तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तरी रविवारी मी गेले. १९६६ चा जानेवारी महिना. मुरब्याहून कुंभवलीपर्यंत बैलगाडी, पुढे खडीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी मी आणि मागे खडीवर काका. त्यांनी धुतलेली बंडी घातली होती आणि डोक्यावर नवी लाल टोपी.

ठेकेदाराच्या आवारात शंभरेक माणसांची रांग होती. टेबलाशी बसलेला मुकादम एकेकाला विचारत होता. काकांची पाळी आली.

"कागज है? सर्टिफिकेट?"

काकांनी मान हलवली.

"पहले कहाँ काम किया?"

"दर्यात."

"दर्या में नहीं बाबा, साइट पर. उमर भी हो गयी है. चलो, पीछेवाला आओ."

काका मुकाट्याने बाजूला झाले. वाद घालणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. थोड्या अंतरावर एक उंच, उन्हाने लालबुंद झालेला अमेरिकन इंजिनिअर नकाशा पाहत उभा होता. मी तडक त्याच्यासमोर गेले. आयुष्यात पहिल्यांदाच मी ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे अशा माणसाशी बोलत होते. पाठ केलेली सगळी वाक्यं पळून गेली आणि तोंडून एवढंच निघालं, "सर, धिस मॅन नोज द रोप्स."

साहेबाने हसून विचारलं, की कुठल्या कामातले?

मी म्हटलं, "नो सर. रोप्स. रिअल रोप्स."

तो आधी गोंधळला, मग मोठ्याने हसला. काकांना खुणेने जवळ बोलावून दोरांच्या ढिगाशी घेऊन गेला. ढिगात सहा-सात जाड दोर होते. त्याने मला सांगितलं, "याला विचार, यातला कुठला दोर तो वापरणार नाही?"

काका उकिडवे बसले. एकेक दोर उचलायचे, वास घ्यायचे, दोन्ही हातांनी उलटा पिळून त्याचे पदर उघडायचे. चौथ्या दोरावर थांबले. वरून तो सगळ्यांत नवा दिसत होता. "हा पोटातून कुजलाय," ते म्हणाले. "वला असताना गुंडालून ठेवला व्हता." त्यांनी पदर फाकवून दाखवले. आत काळपट भुसा.

मी इंग्रजीत सांगितलं. साहेबाचं हसू गेलं आणि त्याने मान डोलावली. तो दोर त्याने मुद्दामच तिथे ठेवला होता. सकाळपासून कागदवाल्या पन्नासेक माणसांनी तो चांगला म्हणून निवडला होता.

मग काका म्हणाले, "बाय, साहेबाला सांगा, आता डोले मिटून दावतो." त्यांनी बंडीच्या खिशातला रुमाल काढून डोळ्यांवर बांधला आणि दोन तुटक दोरांचे पदर उलगडून एकमेकांत असे विणले, की जोड कुठे आहे ते बोटाने चाचपूनही कळेना. रांगेतली माणसं रांग सोडून भोवती जमली होती. मुकादमही उठून आला होता.

साहेबाने नाव लिहून घ्यायला सांगितलं. निघताना त्याने मला विचारलं, "तू मघाशी 'खरे दोर' असं का म्हणालीस? या म्हणण्याचा खऱ्या दोरांशी काही संबंध आहे?"

मला आधी वाटलं, तो माझी परीक्षा घेतोय. पण नाही, त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. तो अमेरिकेच्या मध्यावरच्या गव्हाच्या मुलखातला. विशीपर्यंत त्याने समुद्र पाहिला नव्हता. जन्मभर तो हे शब्द वापरत आला होता आणि कुठले दोर असा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता.

मी काकांना म्हटलं, "काका, साहेब विचारतोय, कुठले दोर?"

"यालापन ठावं नाय?" काका चकित झाले. मग वाळूत बोटाने डोलकाठी काढली, आडवा वासा काढला, शीड काढलं, आणि एकेक दोर काढत त्याचं काम सांगू लागले. मी इंग्रजी करत गेले. तो भला मोठा माणूस गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी त्याने टोपी काढली आणि काकांशी हात मिळवला. काकांना हात मिळवायची सवय नव्हती. त्यांनी साहेबाचा हात दोरासारखा घट्ट धरून ठेवला आणि कधी सोडायचा ते कळेना म्हणून माझ्याकडे पाहिलं.

धर्माजी मेहेर सव्वातीन वर्षं त्या कामावर होते. सहा महिन्यांत त्यांच्या हाताखाली बारा जणांची टोळी आली. टोळीच्या म्होरक्याला तिथे टिंडल म्हणत. तांडेल हा आमच्या किनाऱ्याचाच शब्द, साहेबांच्या तोंडात शिरून टिंडल होऊन परत आला होता. काकांना याचं फार हसू यायचं. टोळीत आदिवासी पाड्यांवरची, मासवणकडची पोरं होती, दोन बिहारी होते. प्रत्येकाला पहिले आठ दिवस ते काही उचलू देत नसत. डोळे मिटून दोर ओळखायला लावत. हाताला कळलं की मग काम. पोरं वैतागायची, त्यांना म्हातारा म्हणायची. पण त्यांच्या टोळीतल्या कोणाचं बोटसुद्धा कधी चेचलं नाही, हे मात्र सगळे सांगत.

आठवड्यातून एकदा ते मुरब्याला येत. घरी जायच्या आधी माडाखाली सुकाशेजारी बसत आणि आठवड्याभरात काय काय उचललं ते सांगत. सुका जाळं विणत ऐके. मी एकदा शाळेतून जाताना पाहिलं, सुका विचारत होता, "नि त्या नव्या पोराला समदे दाखवले?"

"समदे," काका म्हणाले.

"एकपन ठेवला नाय?"

"नाय रे बाबा. एकपन नाय."

एका रविवारी ते पाटी-पेन्सिल घेऊन माझ्याकडे आले. हजेरीपटावर त्यांना अंगठा उठवायचा नव्हता. "पोरं माझ्या म्होरं सही करतात नि टिंडल अंगठा लावते. बरा दिसत नाय." आम्ही चार रविवार बसलो. 'ध' त्यांना जमेना. त्याची वरची गाठ उलटी पडे. घामाघूम होऊन म्हणाले, "बाय, हसू नका."

"पहिल्या दिवशी सगळेच चुकतात, काका," मी म्हटलं.

पाचव्या रविवारी त्यांनी पाटीवर 'धर्माजी' लिहिलं. शीड चढवल्यावर जसे मागे सरून वर बघायचे, तसे मागे सरून पाटीकडे बघत राहिले. बायको हिराकाकूंना दाखवायला ते ती पाटी न पुसता, छातीशी धरून लाँचमधून घेऊन गेले.

त्यांची होडी त्या काळात मुरब्याच्या पुळणीवर उपडी पडून होती. एका पावसाळ्यात तिच्या फळ्या उकलल्या. त्यानंतरही मी सातपाटीच्या बंदरावर उभी राहून खाडीकडे बघायचे, तेव्हा ते ठिगळाचं शीड कुठे दिसतंय का म्हणून नजर आपोआप फिरायची. खाडीत होड्या पुष्कळ असत, पण आता एकेकीवर इंजिन बसत चाललं होतं.

१९६९ मध्ये तिकडचं काम संपत आलं. ठेकेदार म्हणाला, राजस्थानात असंच काम निघालंय, टोळी घेऊन तिकडे चला. पोरं गेली. काकांनी विचारलं, "तिथं दर्या हाय?" नाही म्हटल्यावर ते गावी परत आले. निघायच्या दिवशी पोरांनी त्यांना खांद्यावर घेऊन फाटकापर्यंत आणलं, असं मला त्यातल्याच एकाने, मासवणच्या चिंतूने, सांगितलं. आता चिंतूच त्या टोळीचा टिंडल होणार होता.

त्याच वर्षी पावसाळ्याआधी सुका गेला. दोन दिवसांचा ताप झाला आणि गेला. त्याचं अर्धवट विणलेलं जाळं काकांनी घरी नेलं. त्यांना जाळं विणायचं कधी विशेष जमलं नव्हतं, पण ते नेटाने विणत बसायचे.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं आणि पालघरच्या शाळेत बदली झाली. शेवटच्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले. जुलै महिना होता, बाहेर धो धो कोसळत होतं. हिराकाकूंनी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण वाढलं. काका पडवीत जाळं घेऊन बसले होते. डोळे अधू झाले होते, पण बोटं चालू होती.

"आता शालंत काय शिकवतां? नवीन काय निघाला?" त्यांनी विचारलं.

मी बाहेरच्या पावसाकडे बोट दाखवलं. "असा पाऊस पडला, की इंग्रजीत म्हणतात, कुत्री आणि मांजरं पडतायत."

काकांचे हात थांबले. "कुत्री?"

"हो."

"नि मांजरीपन? वरून?"

"हो, काका."

ते विचार करू लागले. गलबतावरचं काही असेल का म्हणून त्यांनी खरोखर मनात शोधलं, मला ते दिसत होतं. मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि हिराकाकू आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या.

"नाय बाय," ते दम घेत म्हणाले, "हा मना नाय ठावं. हा त्या साहेबालाच इचारा."